गादी एकीकडे, कचेरी दुसरीकडे

हेग हे नाव मराठी घरात पोहोचले ते कज्जेखटल्यांमुळे. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. त्या मोहिमेत सुधीर फडके यांच्यासारखा गोड गळ्याचा माणूससुद्धा सामील झाला होता. चिडलेल्या पोर्तुगालने भारतावर फिर्याद गुदरली ती हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, आणि १९६० साली तिचा निकाल लागला. पुढे २०१९ मध्ये कुलभूषण जाधवांच्या खटल्याने हेच नाव पुन्हा घरोघर झाले. तेव्हा हेग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक भले मोठे न्यायमंदिर आणि गंभीर चेहऱ्याचे न्यायाधीश उभे राहतात. त्यापलीकडे त्या गावाला काही इतिहास असेल, तिथे माणसे भाजी आणायला जात असतील, असे मनातही येत नाही.

आणि तिथला इतिहास तर मोठा गमतीचा आहे. हेग आहे वलंदेजांच्या देशात. आजच्या मुलांना डच म्हटल्याशिवाय कळत नाही, पण आमच्या जुन्या कागदपत्रांतून त्यांचे नाव वलंदेज. सतराव्या शतकात त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. या वलंदेजांची राजधानी ॲमस्टरडॅम. राज्यघटनेत तसे लिहिलेले आहे, आणि नव्या राजाने शपथ घ्यायची तीही ॲमस्टरडॅममध्येच. पण संसद भरते हेगला, पंतप्रधान बसतात हेगला, मंत्र्यांच्या कचेऱ्या हेगला. राजधानी एका गावात आणि राज्यकारभार दुसऱ्या गावात!

हे मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, मग ती राजधानी नावापुरतीच म्हणायची?”

साताऱ्यात राहून हा प्रश्न पडावा याचे मला हसू आले. कारण ही वलंदेजी तऱ्हा सातारकरांना नवी नाही. अठराव्या शतकात गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला, अशी आपली घडी जवळजवळ सत्तर वर्षे चालली होती. माझे सासर साताऱ्याचे आणि माहेर सांगलीचे. दोन्ही गावे आपापल्या जागी राजधान्या. त्यामुळे आमच्या घरात कंदी पेढे श्रेष्ठ की भडंग श्रेष्ठ या वादाबरोबरच खरी राजधानी कोणती हाही वाद वीस वर्षे चालला आहे. दोन्ही पक्ष हरत नाहीत हे सांगायला नकोच.

आधी हेगचे थोडे सांगते. तेराव्या शतकात हॉलंडच्या काउंटने तिथे एका तळ्याकाठी वाडा बांधला. त्या गावाच्या जुन्या डच नावाचा अर्थच मुळी ‘काउंटचे कुंपण’ असा आहे. वाड्याला पुढे नाव पडले बिनेनहोफ. या शब्दाचा अर्थ पाहिला आणि मला तो देश एकदम ओळखीचा वाटू लागला. बिनेनहोफ म्हणजे आतला चौक. आपल्या वाड्यांना नाही का पहिला चौक, दुसरा चौक? पहिल्या चौकात घोडे, हुजरे, कूळवाडी. दुसऱ्या चौकात कारभारी, कारकून. आणि तिसऱ्या चौकात घरची माणसे. कोणत्या माणसाला कोणत्या चौकापर्यंत यायची मुभा आहे यावरून त्याची पायरी ठरायची. वलंदेजांच्या वाड्याचेही तसेच असणार. पण स्पेनच्या राजाविरुद्ध बंड करून त्यांनी आपले प्रजासत्ताक उभे केले, तेव्हा सोळाव्या शतकाच्या शेवटी निरनिराळ्या प्रांतांच्या प्रतिनिधींची सभा याच आतल्या चौकात भरू लागली. हेगच का? तर म्हणतात की हेगला तट नव्हता, शहराचे हक्क नव्हते, ते नुसते एक मोठे खेडे होते. बलाढ्य शहरांना एकमेकांचा मत्सर. खेड्याचा मत्सर कोण करणार!

त्या वाड्यातल्या सरदारांच्या दिवाणखान्याने पुढे काय काय पाहिले! एके काळी सरकारी सोडतीचे आकडे तिथे काढले जात. मग एकोणिसशेच्या सुमारास त्याची डागडुजी झाली आणि १९०४ पासून दर सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी राजा किंवा राणी तिथे येऊन संसदेपुढे भाषण करू लागली. आणि एक गोष्ट मला फार आवडली. त्या वाड्याच्या दरवाज्यातून, पंतप्रधानांच्या खिडकीखालून, साधी माणसे बाजाराची पिशवी घेऊन, सायकल घेऊन पलीकडे जात. आतला चौक हा रहदारीचा रस्ता! कारभाराची जागा म्हणजे काय याची माझी व्याख्या त्या सायकलवाल्यापासून सुरू होते.

आता साताऱ्याकडे येऊ. अजिंक्यतारा शिवाजी महाराजांनी १६७३ साली घेतला. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः त्याच्या पायथ्याशी येऊन बसला आणि प्रयागजी प्रभूंनी किल्ला लढवला तो पुढच्या एप्रिलपर्यंत. मोगलांच्या हाती गेलेला किल्ला पुन्हा मराठ्यांकडे आला. पण सातारा खऱ्या अर्थाने राजधानी झाले ते १२ जानेवारी १७०८ ला, शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाने. मोगलांच्या छावणीत लहानाचा मोठा झालेला हा राजा किल्ल्यावर राहण्यात रमला नाही. खाली पायथ्याशी त्याने शहर वसवले, पेठा वसवल्या. तेच आजचे सातारा. दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. वर सिंहासनावर महाराज, खाली अळीव पेरून केलेले शेत आणि बाजारपेठेतले वाणी. शाहू महाराजांनी त्या चित्रातले सिंहासनच उचलून खालच्या बाजारपेठेत आणून ठेवले म्हणा ना! राजा डोंगरावरून पेठेत आला ही माझ्या मते मराठ्यांच्या राज्यकारभारातली मोठी घटना, पण आमचे इतिहासाचे पुस्तक तिला अर्धी ओळसुद्धा देत नाही. लढाई नाही ना झाली!

शाहू महाराजांच्या हयातीत सातारा हेच कारभाराचे गाव होते. पेशवे पुण्यात वाडे बांधत होते, पण महत्त्वाच्या गोष्टीला साताऱ्याला यावेच लागे. १७४९ च्या डिसेंबरात महाराज वारले आणि घडी विसकटली. १७५० साली सांगोल्याला ठरावठेराव होऊन कारभार पेशव्यांच्या हाती गेला. त्याच वर्षी ताराबाईंनी रामराजांना अजिंक्यताऱ्यावर अटकेत ठेवले. त्यानंतर साताऱ्याला छत्रपती होते, पण हुकूम सुटत ते पुण्याहून.

मग ही गादी नावापुरती राहिली का? इथेच खरी गंमत आहे. प्रत्येक नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रे हवीत ती साताऱ्याहूनच. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि राघोबादादांनी वस्त्रे मिळवली ती साताऱ्याची. त्यांच्याविरुद्ध बारभाईंनी कारस्थान रचले, १७७४ च्या एप्रिलात सवाई माधवराव जन्मले, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी पुरंदरला वस्त्रे आणली तीही साताऱ्याचीच! ज्या राजाला स्वतःच्या मर्जीने गडाखाली उतरता येत नव्हते, त्याच्याकडून आलेल्या कापडाच्या तुकड्याशिवाय पुण्यातला सर्वात बलवान माणूसही पेशवा होऊ शकत नव्हता. नाना फडणीस काही भोळे नव्हते. लोक कोणाचा हुकूम मानतात आणि का मानतात, हे त्यांना चांगले ठाऊक होते. तेव्हा त्या मुलीला माझे उत्तर असे : राजधानी नावापुरती असेलही, पण नावाला किंमत असते. नाव काढून घेतले तर कारभाराच्या कागदावर शिक्का कोणाचा मारणार?

मात्र या सत्तर वर्षांत सातारच्या रयतेचे काय झाले हे कोणी फारसे सांगत नाही. वस्त्रे साताऱ्याहून पुण्याला जात. रयतेची गाऱ्हाणीही पुण्यालाच जात असणार, कारण ती ऐकायचा अधिकार तिथे होता. जो राजा जवळ होता त्याला भेटून उपयोग नव्हता, आणि ज्याला भेटून उपयोग होता तो दोन-तीन मुक्कामांवर. गादी आणि कचेरी वेगळ्या गावांत असल्या म्हणजे पायपीट रयतेची होते. आणि वाटेत खंबाटकी आणि कात्रज हे दोन घाट होते.

मग १८१८ साल आले. पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी १० एप्रिलला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले. जवळ ग्रँट डफ हा रेसिडेंट नेमला. हा तोच ग्रँट डफ, ज्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. १८२२ मध्ये कारभार महाराजांच्या हाती आला, आणि बहात्तर वर्षांनी गादी आणि कचेरी पुन्हा एका गावात आल्या. हा काळ मला साताऱ्याच्या इतिहासातला सर्वात सुंदर वाटतो. यात एकही लढाई नाही. महाराज स्वतः कामाला बसत, रोजनिशी लिहीत. रस्ते झाले, पाण्याची सोय झाली, शाळा झाली. गावाच्या मध्यभागी राजवाडा उभा राहिला, तोच आज जुना राजवाडा. शेजारी अदालतवाडा आहे. आज ते नाव आपण घराच्या पत्त्यात लिहितो आणि विसरतो, पण न्याय मागायला माणसे जिथे जात तिथले ते नाव आहे.

हे सुख इंग्रजांना सोसले नाही. महाराज तहातला शब्दन्‌शब्द खरा मानून चालत आणि कंपनी सरकारनेही तो मानावा असा हट्ट धरीत. १८३९ च्या सप्टेंबरात, रात्रीच्या वेळी, त्यांना पदच्युत करून नेले. काशीला १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांची दाद मागायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे राहिले. पत्रके छापली, कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून बाजू मांडली, दारोदार फिरले. साताऱ्याच्या माणसाची कचेरी आता साता समुद्रापार गेली होती! रिकाम्या हाताने परत आलेल्या रंगो बापूजींनी १८५७ साली दुसरा मार्ग धरला. कट फुटला. सप्टेंबर महिन्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारले. त्यांत त्यांचा मुलगा होता. रंगो बापूजी नाहीसे झाले ते कायमचे. अर्ज-विनंतीची सारी दारे चौदा वर्षे ठोठावलेल्या माणसाचा हा शेवट वाचताना आजही मला पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे लागते.

योगायोग पाहा. १८४८ साली हेगमध्ये राजा दुसरा विल्यम याने नवी राज्यघटना मान्य केली. थोरबेके नावाच्या कायदेपंडिताने ती लिहिली होती, आणि तिच्यामुळे मंत्री राजाला नव्हे तर संसदेला जबाबदार झाले. बिनेनहोफच्या आतल्या चौकात लोकांचा पाय पक्का रोवला तो त्या साली. त्याच साली, एप्रिल महिन्यात, साताऱ्याला प्रतापसिंहांचे बंधू आप्पासाहेब महाराज निपुत्रिक वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनीसुद्धा राज्य खालसा करू नये असे मत दिले होते. पण डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि सातारचे राज्य खालसा झाले. एकाच वर्षी एका वाड्यात लोक आत आले आणि दुसऱ्या वाड्यातून राजाही गेला, लोकही गेले.

राजवाडा मात्र राहिला. आप्पासाहेबांनी जुन्या राजवाड्यालगत नवा राजवाडा बांधला होता. सागवानी खांबांचा, ऐसपैस दिवाणखान्याचा. त्यात पुढे न्यायालये भरू लागली. जुन्या राजवाड्यात इंग्रजी शाळा आली. सिंहासनाच्या जागी न्यायाधीशाची खुर्ची आणि जनान्याच्या बाजूला मुलांची बाके. आमचे मामंजी उमेदीची वर्षे त्या न्यायालयात नाझराच्या हाताखाली काम करीत होते. ते सांगत, “अगं, खेड्यावरचा म्हातारा साक्षीला आला की पायरीवर आधी वाकून हात लावायचा. मी एकदा विचारलं, बाबा, साहेबाला नमस्कार करता का? तर म्हणाला, साहेब बदलतो, पायरी म्हाराजांची हाय.”

आणि शाळा. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी तिथे एक मुलगा दाखल झाला. भिवा रामजी आंबेडकर. पुढे सारे जग ज्यांना बाबासाहेब म्हणून ओळखणार होते त्यांचे इंग्रजी शिक्षण सुरू झाले ते साताऱ्याच्या राजवाड्यात. आम्ही सातारकर हे फार अभिमानाने सांगतो, आणि २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण अभिमानाने सांगताना अर्धीच गोष्ट सांगतो. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की त्यांना वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. १९०१ मध्ये वडिलांकडे गोरेगावला जायला ही भावंडे मसूरच्या स्टेशनावर उतरली, तेव्हा अस्पृश्य म्हटल्यावर गाडीवाला मिळेना, वाटेत पाणी मिळेना. हे मसूर म्हणजे तेच, जिथे १७२० साली पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. इतिहासाच्या परीक्षेत पहिल्या मसूरला दोन गुण आहेत. दुसऱ्या मसूरवर प्रश्न विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

राजा गेला, इंग्रजांनी राजवाड्याचे दरवाजे उघडले, शाळा काढली, आणि पहिल्या चौकातला नळ मात्र बंदच राहिला. कारभाराची जागा लोकांना खुली झाली असे आपण म्हणतो तेव्हा कोणत्या लोकांना, कोणत्या चौकापर्यंत, हे विचारायला हवे. पन्नास वर्षांनी त्याच मुलाने देशाची घटना लिहिण्याचे काम पुरे करून त्या नळाचा हिशेब चुकता केला.

माहेरच्या सांगलीबद्दल आता लिहिले नाही तर भाऊबिजेला माझी धडगत नाही. सांगली ही तरुण राजधानी. मिरजेच्या पटवर्धनांत भाऊबंदकी झाली आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेबांनी काकांशी फारकत घेऊन कृष्णाकाठी सांगलीला बिऱ्हाड केले. गणेशदुर्ग बांधला, भोवती खंदक खणला, आत राजवाडा, नदीकाठी गणपतीचे देऊळ. पटवर्धनांचे राज्य गणपतीचे आणि राजा त्याचा कारभारी अशी तिथली भावना. म्हणजे इथेही गादी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, पण गाव तेच.

या राजवाड्याने मराठीला जे दिले ते मात्र साताऱ्याच्या राजवाड्यालाही देता आले नाही. मी हे सासरी बसून लिहिते आहे, तरी लिहिते. १८४२ मध्ये कर्नाटकातून भागवत मंडळींचे खेळ सांगलीत आले. आप्पासाहेबांनी ते पाहिले आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना म्हटले, असे आपल्या भाषेत करा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी दरबारात ‘सीतास्वयंवर’ झाले आणि मराठी नाटक जन्माला आले. जिथे अर्ज वाचले जात, सारावसुलीचे आकडे सांगितले जात, तिथे त्या रात्री रामलक्ष्मण उभे राहिले. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले, संस्थानचा आश्रय आटला, आणि भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली. १८५३ साली मुंबईत लोकांनी तिकीट काढून मराठी नाटक पाहिले. दरबाराने हात आखडला म्हणून नाटक लोकांकडे गेले! राजा आणखी वीस वर्षे जगता तर मराठी रंगभूमी कदाचित दरबारातच बसून राहिली असती. हे माझे मत माझ्या माहेरी कोणालाही मान्य नाही.

दुसरी गोष्ट त्याच किल्ल्यातली. गणेशदुर्गात संस्थानचा तुरुंग होता. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तो फोडून बाहेर पडले, तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव ठार झाले. दादा जखमी होऊन पकडले गेले. चौतीस वर्षांनी, १९७७ मध्ये, तेच दादा राज्याचे मुख्यमंत्री झाले. ज्या कारभाराच्या तटावरून उडी मारून बाहेर पडायचे, त्याच कारभाराच्या खुर्चीत येऊन बसायचे, असे दैव फार थोड्या राज्यकर्त्यांच्या वाट्याला येते.

त्या दिवसांत सातारा जिल्ह्यात आणखी एक सरकार होते, त्याला कचेरीच नव्हती. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार. १९४३ ते १९४६ कुंडल, वाळवा, कराडकडच्या सुमारे दीडशे गावांत त्याचा अंमल होता. जमिनीचे तंटे, सावकाराच्या तक्रारी, बायकांना टाकल्याची प्रकरणे, सारे निवाडे गावातच, लोकांपुढे होत. ना शिक्का, ना दफ्तर, ना दरवान. शिक्षा कधी कधी फार कठोर होत आणि त्या सगळ्याच न्याय्य होत्या असे मी म्हणणार नाही. पण दावा लावायला तालुक्याला चार हेलपाटे घालणाऱ्या कुणब्याला न्याय आपल्या पारावर येऊन बसलेला पहिल्यांदाच दिसला होता. शेजारच्या औंधला तर राजानेच हे काम केले. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना देऊन बहात्तर गावांचा कारभार गावांच्या पंचायतींवर सोपवला. राजवाड्याची कचेरी राजाने आपण होऊन चावडीत पाठवली. औंधच्या यमाईला आणि संग्रहालयाला आपण सहलीला जातो, मुलांना चित्रे दाखवतो, आणि या घटनेबद्दल चकार शब्द न काढता चिवडा खाऊन परत येतो.

८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि त्याचे ठाणे सांगली. १९६० मध्ये त्याला सांगली हेच नाव मिळाले. कलेक्टर कचेरी आली ती राजवाड्याच्याच आवारात. त्यामुळे माझ्या लहानपणी ‘राजवाड्यात काम आहे’ याचा अर्थ राजाकडे काम आहे असा नव्हे, तर उतारा काढायचा आहे, शिक्का मारून घ्यायचा आहे, असा होता. आमचे तात्या सायकलवरून जात. दांडीवर मी. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसत, त्यांच्या दौती आणि टाइपरायटर, पलीकडे चहाची गाडी. तिथे शेतकरी, वकील, शिक्षक, विधवा बाया, पेन्शनर सारे एका बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत. संस्थानिकाच्या अंगणात संस्थानची रयत निर्धास्त चहा पीत होती. तात्या म्हणत, “बाळ, स्वराज्य म्हणजे काय, तर ह्या बाकावर बसायला कुणाला विचारावं लागत नाही.”

आता ती कचेरी विजयनगरला गेली. न्यायालयही तिकडेच. इमारती नव्या, प्रशस्त, वाहने लावायला जागा भरपूर. गेली ते बरेच झाले असेही वाटते, कारण कृष्णामाईचा भरवसा नाही. २००५, २०१९, २०२१ अशी तीन वेळा तिने जुन्या गावात मुक्काम केला. साताऱ्याची न्यायालयेही नव्या राजवाड्यातून कधीच हलली. गर्दी वाढली, कागद वाढले, दिवाणखान्यात न्यायालय चालवणे सोयीचे नव्हते. हे सारे खरे. पण खेड्यावरून आलेला माणूस एस. टी.तून उतरून बाजार करता करता कचेरीत डोकावत असे, तो आता रिक्षा करून गावाबाहेर जातो. कचेरी पेठेतून उठली. शाहू महाराजांनी डोंगरावरून खाली आणलेली गोष्ट आपण पुन्हा थोडी लांब नेऊन ठेवली, डोंगरावर नव्हे तरी हमरस्त्यावर.

हेगमध्येही हाच प्रश्न आला. सातशे वर्षांचा वाडा, तारा जुन्या, छपरे गळकी. २०२१ मध्ये संसदेची दोन्ही सभागृहे तिथून दुसऱ्या इमारतींत हलवली आणि बिनेनहोफची दुरुस्ती काढली. खर्च वाढला, मुदत लांबली, वर्तमानपत्रांतून टीका झाली. यात ते आपल्यापेक्षा निराळे नाहीत. फरक एवढाच की हलताना त्यांनी ठरवले होते, दुरुस्ती झाली की परत इथेच यायचे. आपल्याकडे एकदा हललेली कचेरी परत आलेली मी पाहिली नाही, आणि ती परत यावी असा माझा आग्रहही नाही. पण रिकाम्या झालेल्या दिवाणखान्यात नगरपालिकेची सभा भरायला काय हरकत आहे? वर्षातून एकदा तरी? ५ नोव्हेंबरला सांगलीच्या दरबारात एखादे नाटक, ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या राजवाड्यात प्रत्येक शाळेतली चार मुले, आणि मधल्या ६ तारखेला आमच्या दोन्ही गावांनी खरी राजधानी कोणती यावर मनसोक्त भांडावे. तारखासुद्धा कशा लागून आल्या आहेत पाहा!

साताऱ्याच्या राजवाड्यासमोर गांधी मैदान आहे. संध्याकाळी तिथे पाणीपुरीच्या, आइस्क्रीमच्या गाड्या लागतात, फुगेवाले येतात, बसचा वाहक “राजवाडा, राजवाडा” असा पुकारा करतो. परवा तिथे एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. नातवाने वर बोट करून विचारले, “आबा, आत कोण राहतं?”

आबा म्हणाले, “आधी राजा राहायचा. मग या बाजूला कोर्ट राहायचं आणि त्या बाजूला शाळा.”

“आणि आता?”

आबांनी त्याच्या हातात भेळेचा पुडा दिला आणि म्हणाले, “घरी जाऊन तुझ्या बापाला विचार. तो नगरपालिकेत आहे.”